दगडावरचं नाव

“आपण बोलायचं न्हाई, भिवरा. कानाला यंत्र लावून नुस्तं ऐकायचं. दुश्मन वायरलेसवर काय बोलायलाय ते उतरून घ्यायचं. आमचं इमान तेवढ्यासाठीच उडतंय.”

“घरात बायकूचा एक शबुद ऐकंनात, आन् तितं आभाळात जाऊन लोकांचं ऐकायलाव व्हय?” भाकरी थापता थापता भिवराबाई म्हणाली होती, आणि रजेवर आलेला नवरा खो खो हसला होता. एकाहत्तरच्या लढाईत ते विमान गेलं, ते परत आलंच नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. उद्या पेडगावच्या शाळेपुढं त्याच्या नावाचा दगड बसायचा होता, हार घालायला कलेक्टर यायचे होते, आणि पाथरवट मुंजाजी छिन्नी धरून नुसताच बसला होता. नाव ठरेना.

“हुतात्मा येडबा!” सरपंच दिनकररावांनी कपाळावर हात मारला. “कलेक्टर हार घालतील का हसतील? यशवंतराव लिव.”

“सरकारी कागदावर येडबाच हाय की,” मुंजाजी म्हणाला.

“कागद दिल्लीचा. दिल्लीवाल्याला काय कळतंय येडबा म्हंजी काय ते?”

शेजारची म्हातारी कासाबाई पुढं झाली. “आदीची दोन लेकरं गेली, म्हून मायनं मुद्दाम ठिवलं ते नाव. यमाला वाटावं, येडं हाय, कशाला न्यायचं!”

“मग आता यमाचं काय भ्या हाय?” सरपंच बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मग मवाळ होऊन भिवराबाईकडे वळून म्हणाले, “वैनी, तुमचं मन मोडून काई करायचं न्हाई. तुमीच सांगा, काय लिवायचं?”

ती ते नाव घेणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य घटतं, या धाकानं भिवराबाईनं ते कधी घेतलं नव्हतं. मयत कुणी पाहिली नव्हती, म्हणून कपाळाचं कुंकूही तसंच होतं. तलाठ्याकडे जातानाही ती नाव सांगायला कासाबाईला सोबत न्यायची.

“जे हाय तेच लिवा.”

“तेच म्हंजी कोणतं?”

“मायनं ठिवलेलं.”

“अवो, पर कोणतं? बोला की!” सरपंचांच्या मिशीत हसू मावेना.

“कदी आले माघारी, तर म्हंतील, ह्यो कोण यशवंतराव आमच्या जागी?”

“बगा, सवता यशवंतराव म्हंल्या! ठरलं. घाल रे मुंजाजी.”

“भिवरे, उखाण्यात घे!” बायकांचा गलका उठला. “उखाण्यात दोष लागत न्हाई!” कासाबाईनं जुळवायला घेतलं, पण येडबाला जुळणारं एक डबा सोडून तिला काही सुचेना. डब्यात शेंगदाणे घालावेत की लाडू, यावर बायकांत जुंपली. सरपंच पोट धरून हसू लागले. मुंजाजीनं छिन्नी दगडाला टेकवून हातोडी उचलली.

भिवराबाईनं दगडावर तळवा ठेवला. हातोडी वरच्या वर थांबली.

“ऱ्हाऊ द्या गं बायांनो, उखाणा नको,” ती म्हणाली. मग ती शाळेच्या कौलांवरून पार वर बघत म्हणाली,

“लिव मुंजाजी. येडबा. येडबा रायभान कोकरे.”