सहा आठवडे प्लास्टर

"इथं?" डॉक्टरीणबाईंनी पावलाच्या बाहेरच्या कडेवर अंगठा दाबला, तशा वैजयंतीकाकू "आई गं!" म्हणून ओरडल्या.

एक्स-रेत करंगळीमागचं हाड चिरलेलं दिसलं. "फुगडी घालताना पाऊल मुरगळलं ना? सहा आठवडे प्लास्टर."

"अहो, महिन्यावर मंगळागौरीच्या खेळांची फायनल आली!"

"माहितेय. तुमच्या समोरच्या संघात मीच आहे."

काकूंनी डोळे बारीक केले. "मग मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवते." दाखवलंही. त्यांनीही प्लास्टरच सांगितलं. मुकाट्याने परत येऊन काकूंनी पाय पुढे केला.

"काकू, मोडलाय तो पाय. गळा शाबूत आहे की!" प्लास्टर गुंडाळताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फायनलला काकू खुर्चीत बसून गायल्या. अशा गायल्या, की मैत्रिणींचे पाय थांबेचनात. ढाल त्यांनीच पटकावली.

प्लास्टर कापताना डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "गळ्यालाच घालायला हवं होतं."