एका फळाला एक मुका

कोठाराच्या मधल्या तुळईला बांडगुळाची फांदी टांगलेली होती आणि तिच्याखाली मळ्याचे मालक क्लेमंट बफ्टन मिशा पुसून सज्ज उभे होते. नाताळच्या आदल्या दिवसाचे भोजन नुकतेच आटोपले होते. सफरचंदांच्या बागेत राबणाऱ्या स्त्रिया मालकांपुढे रांगेने उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचे पती बाकांवर बसून सफरचंदाच्या मद्याचे, सायडरचे, प्याले रिते करीत होते.

नाताळची ही रीत सर्वांस ठाऊक होती. फांदीखाली आलेल्या स्त्रीचा एक मुका घ्यावा आणि फांदीवरचे एक पांढरे फळ खुडून टाकावे. फळे संपली की मुके संपले. परंतु मालकांना फळ खुडण्याचे विस्मरण होत असे, आणि त्यांना त्याचे स्मरण करून देण्याचे धैर्य कोणाच्याही अंगी नव्हते.

केझाया तेवढी रांगेत नव्हती. ती भिंतीशी हाताची घडी घालून बसली होती. तिचा पती विल्मट तिच्या कानाशी वाकला.

"ऊठ ना. सगळ्या गेल्या, तूच काय ती राजकन्या?"

"गेल्या नाताळात त्याने दंड असा धरला होता की आठवडाभर काळानिळा होता. तू पाहिलास, विल."

"पाहिला. पण आपण राहतो ते घर त्याचं आहे. नव्या वर्षाला राहा म्हणेल नाहीतर निघा म्हणेल. एवढ्याशा मुक्याने काय झिजणार आहेस?"

 केझायाचे ओठ पांढरे पडले.

"काय गं, विल्मटची बायको," मालक तिकडून म्हणाले, "तुझ्यासाठी बग्गी धाडायची का?"

पुरुष हसले. सर्वांहून मोठ्याने विल्मट हसला.

ते हास्य कानी पडताच केझाया उठली. तिने कोपऱ्यातले रिकामे पिंप गडगडत आणून मालकांच्या पुढ्यात उभे केले, घागरा सावरून त्यावर चढली आणि फांदीवरची फळे ओरबाडू लागली.

"हे काय चालवलंयस?"

"तुमचंच काम करते, मालक. खुडायची राहून गेलीत."

रांगेत सर्वप्रथम जाऊन आलेली वृद्ध प्रीसबाई अजून एप्रनच्या टोकाने गाल पुशीत होती. ती शांतपणे म्हणाली, "माझंही एक धर त्यात, पोरी. गेल्या सालचंही एक आणि त्याच्या आधीच्या सालचंही."

एक स्त्री फिसकन हसली आणि तत्काळ गप्प झाली. केझायाचे हात थांबले नाहीत. एकही फळ तिच्या दृष्टीतून सुटले नाही. अखेर तुळईला निव्वळ हिरवी पाने उरली.

मालकांचा चेहरा लाल झाला होता. "विल्मट," ते म्हणाले, "आवर तुझ्या बायकोला."

विल्मट अडखळत पुढे आला. "केझ, उतर खाली. माफी माग त्यांची."

ती उतरली. तिने पतीचा हात आपल्या हाती घेतला. तिला आधार हवा असावा असे वाटून त्याने तो सहज घेऊ दिला. तिने त्याचा तळवा उघडला, त्यावर मूठभर फळे ओतली आणि त्याची बोटे एकेक करून मिटविली.

"घर तुला हवंय ना? एका फळाला एक. जा, तू दे."

कोणी हसले नाही. केझायाने खुंटीवरची शाल ओढून घेतली आणि ती बाहेर पडली. दार तिने उघडेच टाकले. आत शिरलेल्या थंड वाऱ्याने दिवे हलले. मग प्रीसबाईनेही आपली शाल शोधावयास आरंभ केला, आणि रांगेतल्या स्त्रिया बाकांकडे परतल्या.

फांदीखाली मालक आणि विल्मट असे दोघेच राहिले. विल्मटची मूठ भयाने इतकी आवळली गेली होती की फळे आतल्या आत चिरडली. त्याने हात झटकला, परंतु बांडगुळाचा चीक झटकून जाणारा नव्हे. त्याने तो विजारीला पुसला, तेव्हा विजारीची लव तेवढी हाताला लागली. शेवटी तो दुसऱ्या तळव्याने पहिला तळवा घासू लागला. चिकाच्या लांब तारा निघाल्या, आणि घासता घासता दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट बसले.

उघड्या दारातून त्या क्षणी कोणी आत डोकावले असते, तर त्यास मालकांपुढे एक मनुष्य हात जोडून उभा आहे असेच दिसले असते.