आपल्यात असलं काही नसतं

आईने बाहेरून कुलूप लावलं आणि गुरुवारची मठात निघाली. मितेश दाराला कान लावून उभा होता. फाटक वाजलं, तेव्हा त्याने श्वास सोडला.

सतरा वर्षांचा पोरगा, दहावीतच शाळा सोडलेला, आणि आता नऊ दिवस एका खोलीत कोंडलेला. मोबाईल आईकडे. वाडीला पाणी सोडायला तेवढं ती बाहेर काढायची, तेपण मागे उभी राहून.

नऊ दिवसांपूर्वी तुळिंजच्या एका मेडिकलमागच्या गल्लीत तिने त्याला पकडलं होतं, गोळ्यांच्या पाकिटासकट, मनगट धरून. भुईगावातून दोन गाड्या बदलून ती नेमकी तिथेच कशी उगवली, हे त्याच्या भेज्यात अजून शिरलेलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने सगळं ओकलं. सकाळी उठवत नाही. छातीवर कोणीतरी मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. गोळी घेतली की ते उठून जातं. डॉक्टरकडे ने, असंपण म्हणाला.

चंद्रकांताने, त्याच्या आईने, सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचत एवढंच म्हणाली, "आपल्यात असलं काही नसतं."

बाबांनी, म्हणजे हरिश्चंद्रने, खापर फोडलं कुंपणापलीकडच्या मार्सेलवर. त्या लोकांच्यात सणाला घरातच बाटली उघडतात, आपली पोरं त्यांच्यात बसून बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. मितेशचं टाळकं सटकायचं. मार्सेल दारूला शिवतपण नव्हता. दोन वर्षांपूर्वी शिवायचा, तर त्याच्या घरच्यांनीच त्याला हाताला धरून चर्चमागच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं होतं. कुलूप नाही, बोंबाबोंब नाही.

त्याच मार्सेलने परवा, मितेश केळींना पाणी लावत असताना, हळूच सांगितलं. दर गुरुवारी पाचला थॉमस अंकल सवय सोडणाऱ्यांना तिथे बसवतात. दहा-बारा जण असतात. मान खाली घालून बसायचं, कोणी कोणाचं तोंड बघत नाही, आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं.

"आणि आमच्यातलं कोणी भेटलं तर?" मितेशने विचारलं.

"तुमच्यात कोणाला सवयच नाही ना," मार्सेल कुंपणाच्या तारेकडे बघत म्हणाला. "मग तुला भेटणार कोण?"

आज तिथे गेलो नाही तर उद्या कुलूप तोडून तुळिंज गाठणार, हे मितेशला पक्कं माहीत होतं. त्याने खोलीला लागून असलेल्या न्हाणीच्या खिडकीच्या काचपट्ट्या एकेक करून काढल्या, अंग चोरलं आणि खरचटत बाहेर पडला. वाडीवाडीतून, लोकांची नजर चुकवत निघाला.

चर्चच्या फाटकाशी बाबांची स्कूटर उभी होती.

तो भिंतीला चिकटला. बाबांनी इथे बघितलं तर झालंच. एकतर दारू प्यायला आला म्हणतील, नाहीतर बाटला म्हणतील. आणि मग खोलीला खिडकीपण उरणार नाही.

पण बाबा चर्चच्या मोठ्या दारातून बाहेर आले ते रिकामी टोपली घेऊन. उद्या लग्न होतं, त्याची फुलं पोचवली होती. त्यांच्या हातची फुलं कोणत्याही दारात चालायची. त्यांनी स्कूटरला किक मारली आणि वसईच्या रस्त्याला लागले.

मितेशने कपाळ पुसलं आणि हॉलच्या मागच्या दारातून आत शिरला. थॉमस अंकलनी नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. नुसतं शेवटच्या खुर्चीकडे बोट केलं. पंख्याची घरघर चालू होती. मार्सेल कोपऱ्यात बसलेला, पण त्यानेही मान वर केली नाही. मितेशने आपली मान गुडघ्यांपर्यंत खाली घातली.

एक म्हातारा बोलून बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शाणपणा शिकवला नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदाच मितेशच्या छातीवरचं ते थोडं सरकलं. पुढच्या वेळी आपणपण बोलायचं, त्याने मनात ठरवलं. कसं सुरू करायचं, तेही जुळवायला लागला.

पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. कोणीतरी उभं राहिलं, घसा खाकरला.

"मी चंद्रकांता," ती म्हणाली. "गोळ्या सोडून चौदा महिने झाले. आज मुलाला कोंडून आलेय."