आडदऱ्याचं रक्त

कळा असह्य झाल्या तसं शेवंतानं भुलीचं इंजेक्शन मागितलं. सिस्टरनं तिच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि मान हलवली.

"गाव आडदरा. तुमच्याकडचे लोक रक्तानंच सोशीक असतात, बाई. वेदनेचा आकडा तीसच्या वर गेला, तरच यंत्र इंजेक्शन सोडतं."

"आणि आकडा मोजतात कसा?"

"आवाजावरून. ओरडा की!"

शेवंतानं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं पदराचा बोळा करून तिच्या तोंडात कोंबला.

"खबरदार! आडदऱ्याची बाई बाळंतपणात ओरडत नाही. मी पाच खेपांना ओरडले नाही. बाहेर तुझा सासरा बसलाय."

सात तास शेवंता बोळा चावत राहिली. एक दाढ तुटली. आकडा चारवरून हलला नाही.

मुलगी झाली, ती मात्र बेंबीच्या देठापासून ओरडत. यंत्रानं तिचाही आवाज मोजायला घेतला. बावीस. सत्तावीस. एकोणतीस.

आजीनं नातीच्या तोंडावर हात ठेवला.

शेवंता काहीतरी सांगायला धडपडली, पण बोळा अजून तोंडातच होता.

यंत्रातून बाळाची पट्टी बाहेर आली. सिस्टरनं ती इवल्या मनगटाला बांधत कौतुकानं वाचली, "सोशीक. बघा, रक्तातच असतं."