एक पाय जास्त

"आधी नाव नीट घे!" सैतान ओरडला.

पाद्री वेंडेलिन दचकला. पण खडूच्या रिंगणातून पाय बाहेर काढला नाही. सकाळची प्रार्थना उरकून त्यानं चर्चमागच्या खोलीला आतून कडी लावली होती. समोर खडूनंच आखलेला त्रिकोण. त्यात सैतान उभा. धड माणसाचं, डोकं बगळ्याचं. त्रिकोणात उभं असताना त्याला खोटं बोलता येत नाही, असं मंत्रांच्या वहीत लिहिलं होतं.

"हार्मोक, मी तुला आज्ञा..."

"हार्नोक! न! न! मठात शिकताना चोरून उतरवलीस ना वही? घाईत लॅटिन 'n'ला एक पाय जास्त काढलास, झाला 'm'. वीस वर्षं भलत्याच नावानं हाका मारतोयस, गाढवा. गप्प बसलो. आज भांडायला आलोय."

"मला वेळ नाही. दुपारी ओटिलियाला जाळायचंय. ती बदकं पाळणारी. तुझ्याशी करार केल्याचं कबूल केलंय तिनं. तिच्याबरोबर आणखी कोण कोण होतं, नावं सांग."

"कोण ओटिलिया?"

वेंडेलिननं कबुलीजबाबाचा कागद समोर धरला. खाली सहीच्या जागी फुली होती. बोटं मोडलेल्या हाताची, वाकडीतिकडी.

"मला बोलवायला लॅटिन लागतं," हार्नोक म्हणाला. "हिला सही येत नाही. आजवर एकाही बाईनं मला बोलावलेलं नाही. आले ते सगळे तुझ्यासारखे झगेवाले."

"तुझं नाव घेतलंय तिनं!"

"कुठलं नाव? वाच की. मोठ्यानं वाच!"

"हार्मो..." वेंडेलिन थांबला.

"का रे, जीभ अडकली? हे नाव सगळ्या दुनियेत फक्त तुझ्या वहीत आहे. तिच्या तोंडात कुणी घातलं? बोटं पिरगाळताना तूच विचारलंस ना, 'हार्मोकच होता ना?' ती काय, हो म्हणाली. जा, फाड तो कागद. न्यायाधीशाला सांग, 'चूक माझी आहे.' अजून जिवंत आहे ती!"

वेंडेलिननं कागदाकडे पाहिलं. मग त्यानं कमरेची सुरी काढली, कागद गुडघ्यावर पसरला आणि टोकानं 'm'चा तिसरा पाय हळूच खरवडला. फुंकर मारली.

"केली दुरुस्त," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस."

हार्नोक मागे सरकला. पार त्रिकोणाच्या रेघेला टेकला. बोलावणाऱ्यानं निरोप दिल्याशिवाय सैतानाला हलता येत नाही. एरवी तो निरोप दिला तरी हलायचा नाही. बोलावणारेच रडायचे, जा रे बाबा आता, म्हणून.

"फादर," तो म्हणाला, "हात जोडतो. मला जाऊ दे इथून."