पहिल्या घासाआधी

हनोईहून योग्याकर्ताला शिकायला आल्यावरची माझी ही पहिलीच पंगत होती. वसतिगृहातल्या मुलींचा रोजा सुटायचा होता आणि मीच जास्त हरखले होते. अजान झाली, हात खजुरांकडे गेले, आणि मी ओरडले, "थांबा." आमच्याकडे धाकट्यानं प्रत्येक मोठ्याला वयाप्रमाणे, थोरल्यापासून सुरुवात करून 'जेवा' म्हटल्याशिवाय घास उचलत नाहीत. "वयं सांगा ना पटकन." "दिवसभर घशाखाली पाण्याचा थेंब नाही, आणि हिला आमची वयं हवीत," लारास फणकारली. "मी नाही सांगणार." बाकीच्यांनी सांगितली, म्हणून तिला मी सगळ्यात शेवटी 'जेव' म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गप्प राहायचं ठरवलं. अजान झाली. खजुरांना कुणी हातच लावेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "'जेवा' म्हण की गं, जीव चाललाय," सेकार म्हणाली. मी आनंदानं तोंड उघडलं. तेवढ्यात लारास पुटपुटली, "मी चोवीसची. माझं नाव आधी घे."