अंगठ्याएवढे खड्डे

कापूस पडून राहिला त्या वर्षी आईनं तोच गादीत भरला. तिला फायब्रोमायल्जिया होता. अंगभर दुखायचं, तपासणीत काही दिसायचं नाही. नव्या गोळीच्या चाचणीत तिला घेतलं होतं. ती गेल्यावर, गोळीनं तिला आराम पडला होता अशा कागदावर माझी सही घ्यायला डॉक्टर मारेगावला घरी आले.

"कायले हट्ट करता, ताई? दुखणं थांबलं होतं तिचं."

"नव्हतं थांबलं."

मी त्यांना आईची गादी दाखवली. आई गेल्यावर दोनदा पिंजून आणली, तरी तिच्यात अंगठ्याएवढे खड्डे पडतात. मानेशी, खांद्याशी, गुडघ्याशी. तपासताना डॉक्टर आईला तिथंच दाबायचे.

"दाबा."

हसत त्यांनी खांद्यापाशी अंगठा टेकवला.

गादीनं अंग चोरलं.

"आता मागा सही," मी म्हणाले.